कड्या नसलेलं घर

"पिऊ नकोस ते," आबा माझ्या कानाशी पुटपुटले. "काय घातलंय देव जाणे."

माझ्या हातात पितळेचं फुलपात्र होतं. त्यात हिरवट, वाफाळतं काहीतरी होतं, आणि सकाळपासून डोंगर चढून माझ्या घशाला कोरड पडली होती. तरी आबांचं म्हणणं मला पटलं. मी फुलपात्र खाली ठेवलं. समोर बसलेल्या म्हातारीनं ते पाहिलं. मांडीवरचा कापूस उचलून तिनं देवाच्या वाती वळायला घेतल्या. 

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या माणसाला जगातलं सगळं कळतं, तसं मलाही कळत होतं. असल्या मठांतून काय चालतं, भोळ्या बायांना कसं नादी लावतात, सगळं मला ठाऊक होतं. आता फक्त पुरावा हवा होता.

सोनकड्याचा मठ अर्धा बांधलेला होता आणि अर्धा कोरलेला. पुढं लाकडी खांबांची, शेणानं सारवलेली ओसरी आणि वर कौलं. ओसरी संपली की कौलंही संपत आणि थेट डोंगराचं पोट सुरू होई. कुण्या काळी भिक्षूंनी कातळ पोखरून तिथं मोठा चौक काढला होता, आणि त्याच्या तिन्ही भिंतींत एकेका माणसापुरत्या खोल्या. भिक्षू गेले, वटवाघळं आली. मग केव्हातरी या मठाच्या पंथाची माणसं आली आणि त्यांनी वटवाघळांना हुसकावून पुढं ओसरी बांधली. त्यांच्यात बायकांनाही दीक्षा घेता येई. इथं तर सगळ्या बायकाच होत्या. कावेच्या रंगाची लुगडी, डोक्यावरून पदर, पाय अनवाणी. एखादी आतल्या अंधारातून दाराशी येई, आमच्याकडं टक लावून बघे आणि पुन्हा आत नाहीशी होई.

पायथ्याच्या चहावाल्यानं तर आधीच आमच्या मनात काडी टाकली होती. "वर जाणाऱ्या बाया लई बघितल्या," तो म्हणाला होता. "उतरणाऱ्या कमीच."

आबांनी तेव्हा माझ्याकडं असं पाहिलं होतं, की बघ, मी काय सांगत होतो!

आम्ही सरूआत्याला परत न्यायला आलो होतो.

सरूआत्या म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची, मोठी बहीण. आबा तिला अक्का म्हणत. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिचं कपाळ पांढरं झालं आणि ती माहेरी आली, ती आमच्याच घरात राहिली. माझी आई मी रांगत असताना गेली, तेव्हापासून आत्याच माझी आई. घरात आणखी एक माणूस होतं, नाना. आबांचे आणि आत्याचे थोरले भाऊ. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. तालुक्याच्या पेठेत आमचं, शेट्यांचं, कापडदुकान होतं ते नानांच्या शब्दावर चाले आणि अर्धं गावही. दोन भावांची भांडणं मिटवायला लोक नानांना बोलवायचे.

आणि आमच्या घराची एक ख्याती होती. आतल्या एकाही दाराला कडी नव्हती. आजोबांनी घर बांधतानाच सुताराला बजावलं होतं, की रस्त्यावरच्या दाराला हवी तेवढी कुलपं लाव, पण आत कडी नको. एका रक्ताच्या माणसांनी एकमेकांपासून काय कोंडून घ्यायचं? आबा पाहुण्यांना हे छाती फुगवून सांगत. न्हाणीघरालासुद्धा कडी नव्हती. आत गेलं की मोठ्यानं काहीतरी गायचं, अशी पद्धत. माझा आवाज बरा आहे असं लोक म्हणतात, त्याचं श्रेय त्या न्हाणीघराला.

असल्या घरातून आत्या गेली. श्रावणात पेठेतल्या बायकांनी यात्रेची बस केली होती, त्यात तीही इथं दर्शनाला आली. बस परत आली, शेजारणी परत आल्या, आत्या आली नाही. "सरूबाई म्हणल्या, मी हितंच राहते," एवढाच निरोप. आधी पेठेत हसू झालं, मग कुजबुज सुरू झाली. आबा म्हणाले, भूल घातली असणार. नाहीतर तिच्या हातातल्या सोन्याच्या पाटल्यांवर डोळा असणार.

मी पुण्याला हॉस्टेलवर होते. मला रडू आलं आणि रागही आला. कॉलेज गावातच होतं, पहिलं वर्ष मी तिथंच केलं, पण दुसऱ्या वर्षाला आत्यानंच हट्ट धरून, आबांशी भांडून मला पुण्याला पाठवलं होतं. आणि मी गेल्यावर दोन महिन्यांत आपणही चालती झाली. मला साधं सांगितलंही नाही.

तरी आबा लगेच आले नाहीत. 'येईल झक मारत,' म्हणून बसून राहिले. दिवाळीनंतर नानांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, जीभ शाबूत राहिली. त्या जिभेनं त्यांनी सेवेला ठेवलेल्या बायकांना पळवून लावलं, आणि अंथरुणातून त्यांचा एकच घोष सुरू झाला, "सरीला आणा. पाणी पिईन तर तिच्याच हातचं." तेव्हा कुठं आबांना बहिणीची आठवण दाटून आली. मला सुटीला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "कुंदे, तू चल. तुला ती नाही म्हणणार नाही."

"बोलवा ना तिला," आबा आता वातीवाल्या म्हातारीला म्हणाले. तिला सगळ्या गिरजामाय म्हणत. मठाचा कारभार तिच्या हातात होता. "सख्खा भाऊ आहे मी. चोर नाही."

"येतीय," गिरजामाय म्हणाली. "हात धुतीय."

आत्या आली. कावेच्या लुगड्यात मी तिला पहिल्यांदा ओळखलंच नाही. अंगानं भरली होती. घरी तिचे गाल कायम बसलेले असत. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. हाताला राखेचा वास होता, घरच्यासारखाच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती आमच्यापासून जरा लांब, गिरजामायच्या शेजारी जाऊन बसली.

"कशी आहेस, अक्का?"

"बरी आहे."

"खायला देतात ना पोटभर?"

"बरी आहे मी."

"इथं कोणी काही... म्हणजे, तुझ्या मनानं राहिलीस ना?"

"बरी आहे, बाळू."

तेच दोन शब्द, तोच सूर, आणि नजर जमिनीवर. पढवून ठेवलेलं बोलत होती, यात मला शंका उरली नाही. बरं, ही गिरजामाय काही उठायचं नाव घेत नव्हती. आबांनी खाकरून पाहिलं. मी म्हटलं, "माय, आम्हाला घरचं थोडं बोलायचंय." तिनं एक वात संपवली, दुसरी घेतली.

"बोला की," ती म्हणाली. "मी कुठं तोंड धरलंय?"

"एकटं बोलायचंय," आबांचा आवाज चढला.

"तसं न्हाई व्हायचं. नव्या बाईला घरचं माणूस एकटं भेटत न्हाई."

"हा कुठला नियम? तुरुंगात तरी भेटू देतात!"

 गिरजामायनं आत्याकडं पाहिलं, आत्यानं तिच्याकडं, आणि दोघींनी नजर वळवली. मी ते बरोबर टिपलं. धाक, दुसरं काय!

आबांनी मग दुसरी बाजू धरली. "अक्का, नाना फार आजारी आहेत गं. सारखं तुझं नाव घेतात. एका कुशीवर पडून पाठ सोलून निघालीय. तुझ्याशिवाय त्यांचं कोण करणार? तूच सांग, परकी बाई करेल का ते?"

आत्याच्या हाताची बोटं लुगड्याच्या काठात गुंतली. 

"आणि पाटल्या कुठायत तुझ्या?" आबांनी एकदम विचारलं. तिचे दोन्ही हात मोकळे होते.

गिरजामाय उठली. आता सापडली, असं मला वाटलं. ती आत गेली आणि फडक्याची गाठ घेऊन आली. आबांच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "आली त्याच दिशी काढून दिल्या तिनं. हितं सोनं ठेवत न्हाईत. भाऊ आला की द्या म्हनली."

आबांनी गाठ सोडली. पाटल्या होत्या. त्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं. महिनोन्महिने पेठेत सांगत हिंडलेला तर्क असा फडक्यात गुंडाळून परत मिळाला की माणसाला राग येतो. त्यांनाही आला.

"सोन्याचं राहू द्या," ते म्हणाले. "रात्री दिवा तरी असतो का इथं?"

"दिस बुडाला की निजायचं. दिवा कशाला?"

"बघ!" आबा माझ्याकडं वळले. "अख्ख्या पेठेला ठाऊक आहे, आमची अक्का अंधाराला किती भिते ते. घरात वीज आली तरी हिच्या खोलीत रात्रभर कंदील. एक रात्र विझवून झोपली नाही कधी. आणि ही बाई या बिळात, मिट्ट काळोखात, आपल्या राजीखुशीनं राहते? कुणाला सांगता?"

हे मात्र अगदी खरं होतं. मी लहानपणी आत्याजवळच झोपे. भिंतीकडं मी, मध्ये ती, तिच्या पलीकडं कंदील आणि त्याच्या पलीकडं दार. नाना तिला चिडवायचे, 'सरे, रॉकेल तुझ्या सासऱ्याच्या विहिरीत लागतं काय?' सगळे हसत, मीसुद्धा.  ज्या बाईला घरातल्या घरात अंधार सोसत नव्हता, तिला यांनी कातळात कोंडलं होतं.

मी उठून उभी राहिले. "आत्या झोपते ती खोली मला बघायचीय. आत्ताच्या आत्ता. नाहीतर आम्ही खाली जाऊन पोलिसांना घेऊन येतो."

गिरजामायनं वात खाली ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं. मग तिनं आत्याला विचारलं, "दावतीस?"

"दाखवते," आत्या म्हणाली.

आबाही उठले. "तुमी न्हाई," गिरजामाय म्हणाली. "आत बाप्या मानसाला येता येत न्हाई."

हे माझ्या पथ्यावरच पडलं. एकदा आत्या एकटी सापडली की झालं. चौक ओलांडताना पायाला कातळ गार लागत होता, आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. कोपऱ्यातल्या दारापाशी पोचताच मी तिचा दंड धरला.

"आत्या, लवकर ऐक. खाली जीप उभी आहे. तू फक्त 'हो' म्हण. मी आरडाओरडा करते, आबा येतील, काय करतात या बघू. भिऊ नकोस."

आत्या माझ्याकडं बघत राहिली. मग तिला हसू आलं. लहानपणी मी तिच्या पातळाचा पदर खोचून 'मी आत्या' म्हणत फिरायचे, तेव्हा हसायची तसं.

"आत ये," ती म्हणाली.

खोली आत्याच्या मापाचीच होती. कातळातच कोरलेला एक ओटा, त्यावर घोंगडी. कोपऱ्यात मडकं. बाकी काही नाही. दार तेवढं लाकडी, अलीकडचं. आत्यानं ते ओढून घेतलं. चौकटीशी टेकवून ठेवलेला जाडजूड लाकडी अडसर उचलला, आणि दोन्ही बाजूंना कातळात खोबणी होत्या त्यांत सरकवला. खाड्कन आवाज झाला. मिट्ट अंधार. मला माझा हात दिसेना.

"ओढून बघ," अंधारात आत्याचा आवाज आला.

"काय?"

"दार. ओढून बघ."

मी ओढलं. जागचं हललं नाही.

"बाहेरून चार माणसं आली तरी नाही उघडत," आत्या म्हणाली. "या खोबणी जुन्याच आहेत. त्या भिक्षूंनी केलेल्या. बघ, एवढे संसार सोडून आलेले पुरुष, पण झोपताना त्यांनाही आतून लावून घ्यावंसं वाटलं. मी पहिल्या दिवशी हे पाहिलं आणि इथंच बसले. बायका बाहेरून हाका मारत होत्या, बस सुटते म्हणून. मला उठवेना."

"पण आत्या, अंधार... तुला भीती वाटते ना?"

"अंधाराची गं कसली भीती?"

"मग कंदील?"

 मला तिचा श्वास ऐकू येत होता.

"कंदील असला की आत आलेल्या माणसाचं तोंड दिसतं," ती म्हणाली. "आपलं तोंड दिसतंय म्हटल्यावर माणूस लाजतं. माघारी जातं. नेहमी नाही. पण कधी कधी जायचं."

 मी त्या दगडी ओट्यावर बसले. कड्या नसलेलं आमचं घर, कंदील, दार, भिंतीकडं मी. मला सगळं दिसायला लागलं, आणि तरी तोंडानं विचारल्याशिवाय राहवेना.

"कोण, आत्या?"

"ज्याला पाणी पाजायला तुझा बाप मला न्यायला आलाय, तो."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मी रडत होते. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, जणू सोसलं मी होतं.

"तू आधी का नाही निघालीस?" मी शेवटी विचारलं.

"तू होतीस ना."

ती एवढंच म्हणाली. मला तिनं भांडून पुण्याला पाठवलं होतं ते आठवलं. हॉस्टेलच्या खोलीत शिरल्या शिरल्या तिनं दाराची कडी दोनदा लावून, काढून बघितली होती. मला वाटलं होतं, खेडवळ बाई, कडीचं कौतुक करतेय.

"आणि आबा? आबांना ठाऊक आहे?"

"बाळूकडं मी दोनदा कडी मागितली. 'माझ्या दाराला एक बसवून दे' म्हटलं. तो म्हणाला, 'आपल्या घरात कड्या कशाला, अक्का?' पण मला का हवी, ते नाही विचारलं त्यानं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं." ती थांबली. "अंगाखांद्यावर वाढवलाय त्याला. तो समोर बसून 'चल' म्हणाला ना, तर मी उठून जाईन. मला माझंच ठाऊक आहे. म्हणून मायला म्हटलं, घरचं कुणी आलं तर माझ्याजवळून हलू नकोस. तिचा काही नियम नाही तसला."

तिनं अडसर काढला. उजेड आत आला तेव्हा मला तिच्याकडं बघवेना, पण ती मात्र माझ्याकडं सरळ बघत होती.

ओसरीवर आबा येरझाऱ्या घालत होते. गिरजामायच्या पुढं वातींचा ढीग झाला होता. मी येऊन बसले, मघाचं फुलपात्र उचललं आणि घटाघटा प्यायले. गवती चहा होता. गार झाला होता, पण चांगला होता.

"काय म्हणाली?" आबांनी अधीरपणानं विचारलं. "येते ना?"

"नाही येणार."

"नाही येणार म्हणजे? तू बोललीस काय तिच्याशी? ही बाई होती का आत? मी सांगतो, डांबून ठेवलंय तिला. मी पोलिसांत जातो, मी..."

"आबा," मी म्हटलं, "तिच्या दाराला कडी आहे. आतून लागते."

आबा बोलता बोलता थांबले. तोंड तसंच उघडं राहिलं. मी वाट बघत होते. त्यांनी 'म्हणजे काय?' म्हणावं, 'कडीचा इथं काय संबंध?' म्हणून माझ्यावर खेकसावं, यासाठी मी देवाची करुणा भाकत होते. तसं झालं असतं तर आयुष्यभर मी त्यांच्यावर पहिल्यासारखंच प्रेम केलं असतं.

त्यांनी विचारलं नाही. ते हळूच खाली बसले. पाटल्यांची गाठ त्यांनी पुन्हा बांधायला घेतली, पण ती काही त्यांना बांधता येईना.

आत्या दाराशी उभी होती. बऱ्याच वेळानं आबा उठले आणि तिच्या पाया पडले. ती मागं सरली नाही आणि आशीर्वादही तोंडानं दिला नाही. नुसता त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "सांभाळून उतर, बाळू. पायऱ्या निसरड्या आहेत."

 या विषयावर आबा आणि मी पुढं कधीच बोललो नाही. आबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

पण त्या वेळी, आम्ही परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुकान उघडलं नाही. बाजारात जाऊन ते एक लोखंडी कडी घेऊन आले. सुताराला बोलावलं नाही. मी सुटीपुरती आत्याच्या खोलीत राहत होते. त्या दाराला ते स्वतः कडी बसवू लागले. त्यांना खिळा धड ठोकता येत नव्हता, दोनदा बोटावर हातोडी बसली. मी उंबऱ्यात उभी राहून बघत होते.

पलीकडच्या खोलीतून नानांचा आवाज आला. "काय ठोकतोस रे, बाळू?"

आबांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

"कडी बसवतोय," ते मोठ्यानं म्हणाले. "अक्काच्या दाराला. आतून."

नाना अंथरुणात चार महिने बोलून बोलून सगळ्यांना भंडावून सोडणारे. आम्ही दोघं कान देऊन उभे राहिलो. पण 'आपल्या घरात कडी कशाला?' असं त्यांनीही विचारलं नाही.

आबांनी खिळा पुन्हा धरला आणि हातोडी उचलली.